अवलक्कीची एकादशी

या, असे पुढं सरकून बसा. खांबाआड बसणाऱ्याला कथा अर्धीच ऐकू येते, आणि आजच्या कथेत एका खांबाला आधीच पुष्कळ काम आहे. इथं टाळ नाहीत, चिपळ्या नाहीत, आणि बुक्का लावायला मधेच कुणी उठणार नाही. फक्त कान द्या. धारवाडात, सप्तापुरात, एका सज्जन माणसानं एका कोंबडीला एकादशी घडवली. मग ती एकादशी सोडवता सोडवता त्याच्या तोंडचं पाणी पळालं, आणि तोंडचंच काय, घरच्या टाकीतलंही पळालं. त्याची ही गोष्ट.

राघवेंद्रराव शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म शाळा तपासण्यात गेला, त्यामुळं समोर माणूस आलं, की त्याच्यात सुधारणेला जागा कुठं आहे, हे त्यांना आधी दिसायचं. दुसरं वेड कीर्तनाचं. गल्लीच्या टोकाला विठोबाचं देऊळ आहे. तिथं माघात नवमी ते पौर्णिमा कीर्तन सप्ताह होतो, आणि बावीस वर्षांत त्यांचा एकही दिवस चुकलेला नव्हता. डावीकडचा पहिला खांब त्यांचा. त्याला टेकून टाळ धरायचा, आणि बुवांनी काहीही सांगितलं तरी सगळ्यांच्या आधी मान डोलवायची. कीर्तनात ऐकलेलं दुसऱ्या दिवशी घरात अमलात आणायचं, ही त्यांची शिस्त. घरच्यांना सप्ताहाची धास्ती वाटायची ती यामुळंच.

घराच्या मागच्या अंगणात एक खोली आहे, तिथं कौसल्या राहते. अळणावरकडच्या खेड्यातली बाई, गल्लीतल्या पाच घरांची धुणीभांडी करते. तिची एक कोंबडी. पांढऱ्या अंगावर पिवळे-तांबूस ठिपके, हुबेहूब फोडणीच्या पोह्यांसारखे, म्हणून तिचं नाव अवलक्की. कानडीत पोह्यांना अवलक्की म्हणतात, हे सप्तापुरात कुणाला सांगावं लागत नाही. तुम्ही लांबचे असाल म्हणून सांगितलं. शुद्ध शाकाहारी घराच्या आवारात कोंबडी आली, तेव्हा राघवेंद्ररावांच्या पत्नीनं, भाग्यलक्ष्मीबाईंनी, दोन अटी घातल्या होत्या. कोंबडीनं तुळशीकडं फिरकायचं नाही, आणि अंडी घरातून कुणाला दिसायची नाहीत. दुसरी अट कौसल्या काटेकोर पाळत होती. पहिली अवलक्कीनं कधी मान्यच केली नव्हती.

माघातल्या अष्टमीला कौसल्या पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

"अण्णा, आठ दिस बघाल का हिच्याकडं? आईचं वर्षश्राद्ध हाय. जाऊन यायला पाहिजे."

"मग तिला घेऊन का जात नाहीस?"

"बसमध्ये कंडक्टर तिचं अर्धं तिकीट काढतो, आणि जागा देतो माझ्याच मांडीवर." मग तिनं आवाज खाली आणला. "आईच्या कोंबड्यांतली एवढीच उरली, अण्णा. बाकीच्या भावानं विकून टाकल्या. आईच्या हातचं माझ्याकडं दुसरं काही न्हाई."

राघवेंद्रराव अंगणात उतरले. त्यांनी तुळशीसमोर उभं राहून शब्द दिला, "माझ्या जिवावर सोडून जा."

"सकाळी मूठभर जोंधळा, सांजेला मूठभर, आणि पाणी. बाकी काही न्हाई. मी रोज सहाला फोन करते. तिच्या कानाशी धरा. ती बोलते माझ्याशी."

अष्टमी झाली, नवमी झाली. दशमीला कीर्तनाला उभे राहिले मुकुलबुवा. बेळगावकडचे, वय तिशीचं, पगडी मात्र सत्तरीची. विषय एकादशीचा. पूर्वी एक राजा होता, म्हणाले, त्याच्या राज्यात एकादशीला माणसांनीच काय, हत्ती-घोड्यांनीसुद्धा धान्याला तोंड लावलं नाही, आणि अख्खं राज्य वैकुंठाला गेलं. राघवेंद्ररावांनी मान डोलवली. आणि तिथंच त्यांच्या मनात अवलक्की येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी भाग्यलक्ष्मीबाई जोंधळ्याचा डबा काढायला लागल्या, तर त्यांनी झाकणावर हात ठेवला.

"आज या आवारात धान्य कुणाच्या पोटात जायचं नाही."

"अहो, ती कोंबडी आहे."

"हत्ती काय मराठी शाळेत शिकले होते?"

बाईंनी डबा पुन्हा फळीवर ठेवला. तुपात परतलेली, दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी एका वाटीत घेऊन ते अंगणात गेले. अवलक्कीनं आधी एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्या. मग अशी तुटून पडली, की राघवेंद्ररावांना भरून आलं. वाटी संपली. आपल्याकडं पाहुण्याला एकदा वाढून कुणी थांबत नाही, तेव्हा त्यांनी दुसरी आणली. दुसरीच्या शेवटी ती जरा दम खात होती, पण आग्रह केल्यावर तिनं तोही मोडला नाही.

द्वादशीला सकाळी अवलक्की खुराड्यातून बाहेर आली नाही. पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात बसलेली. गळ्याखाली लिंबाएवढा गोळा, हात लावला तर भिजलेल्या कणकेसारखा. चोच उघडे आणि मिटे, पण आवाज नाही. राघवेंद्रराव तिच्यासमोर उकिडवे बसले. तुळस समोरच होती. तिच्याकडं बघायची त्यांची छाती होईना.

शेजारचे सतीश कुलकर्णी कुंपणावरून डोकावले. निवृत्त प्राध्यापक, आणि घरात कुणाला माहीत नाही असं त्यांना वाटतं, पण बाहेर सगळं खातात.

"थंडी बाधली असणार," ते म्हणाले. "आलं-लसूण वाटून घ्या. हळद, मिरी, चिमूटभर मीठ. थोड्या तेलात गरम करायचं, आणि तासभर तसंच मुरू द्यायचं."

भाग्यलक्ष्मीबाई मागं येऊन उभ्या होत्या. "सतीशराव, हे कोंबडीला द्यायचं, का कोंबडीला लावायचं?"

सतीशरावांना आत काहीतरी काम आठवलं.

शेवटी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. देवळातून नारळ आणायची वेताची करंडी घेतली, तिच्यात अवलक्कीला बसवलं, वर उपरणं झाकलं. कोपऱ्यावर रिक्षावाला राजू उभा होता. त्यानं उपरण्यातून बाहेर आलेलं शेपूट पाहिलं, मग राघवेंद्ररावांच्या कपाळाचा बुक्का पाहिला, आणि अगदी समजूतदारपणे म्हणाला, "कुणाला सांगत न्हाई, अण्णा."

"काय सांगत नाहीस?"

"तेच."

दवाखान्यात खिडकीपाशी मंजुनाथ नावाचा कारकून होता. भला माणूस, पण त्याच्यासमोर छापील अर्ज होता, आणि छापील अर्जापुढं भलेपणाचं काही चालत नाही.

"उद्देश काय लिहू, सर? मांस की अंडी?"

"दोन्ही नाही."

"रकाने दोनच आहेत, सर."

"ती आश्रित आहे. आमच्याकडं राहायला सोडलीय."

मंजुनाथनं जरा विचार करून 'अंडी'वर खूण केली. त्यातल्या त्यात सभ्य वाटलं असावं. "मालक?"

"कौसल्या."

"मालकाची सही?"

"ती गावाला गेलीय."

"मग पक्षी तुमच्याकडं कसा काय, सर? सहीशिवाय अर्ज अपुरा होतो."

मंडळी, राघवेंद्ररावांनी तीस वर्षं शाळांचे अर्ज याच शब्दांत परत पाठवले होते. पावसात भिजत आलेल्या मास्तरांना परत पाठवलं होतं. त्या सगळ्या मास्तरांची तोंडं त्या खिडकीच्या गजांमागं रांगेत उभी राहिली. करंडीत काहीच हालत नव्हतं. शेवटी त्यांनी कोरा कागद मागून घेतला आणि सुंदर अक्षरात लिहून दिलं, की मी सदर कोंबडीचा तात्पुरता पालक असून तिच्या बऱ्यावाइटास सर्वस्वी जबाबदार आहे. सही करून त्यांनी करंडीवरचं उपरणं नीट केलं. मंजुनाथला ते दिसलं असावं. त्यानं नंबर नसताना त्यांना आत सोडलं.

डॉक्टर मीनाक्षी तरुण, शांत. त्यांनी बोटांनी गोळा चाचपला. "गळ्याखालची दाण्याची पिशवी तुंबलीय. काहीतरी चिकट अडकलंय. काय खाल्लं हिनं?"

"फराळ."

"म्हणजे?"

"साबुदाण्याची खिचडी."

"किती?"

"दोन वाट्या. दुसरीला जरा आग्रह करावा लागला."

डॉक्टर मूळच्या धारवाडच्याच असणार. त्या हसल्या नाहीत. कागदावर काहीतरी लिहिलं, आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "दोन दिवस दाणा बंद. दर दोन तासांनी तेलाचे चार थेंब आणि कोमट पाणी, आणि गोळा असा खालून वर, हलक्या हातानं चोळायचा. उद्या संध्याकाळपासून थोडं दही. एकटीला सोडू नका. आवाज करायला लागली की समजा सुटली."

"आणि नाही लागली तर?"

"चतुर्दशीपर्यंत बघू, सर."

घरी वेगळीच अडचण. सप्ताहाच्या प्रसादाचा स्वयंपाक भाग्यलक्ष्मीबाईंकडं, म्हणजे त्या दिवसभर सोवळ्यात. कोंबडीला शिवलेला माणूस अंघोळीशिवाय घरात यायचा नाही, हे ओघानंच आलं. दर दोन तासांनी चोळायचं, म्हणजे दर दोन तासांनी अंघोळ. माघातली धारवाडची थंडी, आणि नळाला पाणी पाचव्या दिवशी. द्वादशीच्या संध्याकाळपर्यंत पाच अंघोळी झाल्या. त्रयोदशीला दुपारी टाकीनं तळ दाखवला, आणि राघवेंद्ररावांना अशा शिंका सुरू झाल्या, की आजारी कोण, ते पाहुण्याला सांगून कळलं नसतं. तेव्हा बाईंनी निर्णय बदलला. "तुळशीचं पाणी शिंपडा आणि या आत. पांडुरंगाला आपलं घर ठाऊक आहे." त्याच संध्याकाळी त्या देवळातून वाटीभर दही घेऊन आल्या, लांबूनच ठेवते म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं पाहिलं तर सोवळं सोडून अवलक्कीची चोच धरून बसलेल्या.

आणि रोजचा सहाचा फोन. द्वादशीला वाजला, तेव्हा राघवेंद्ररावांनी तो करंडीत धरला. आतून कौसल्याचा आवाज येत होता, "अवलक्के, ए बाई, जेवलीस का?" अवलक्कीनं डोळासुद्धा उघडला नाही. तिकडून पुन्हा, "अवलक्के?" तिच्या आवाजातली काळजी ऐकवेना. आणि मंडळी, तीनशे शाळांत ज्यांची पावलं वाजली की वर्ग चिडीचूप व्हायचे, त्या राघवेंद्ररावांनी इकडंतिकडं पाहिलं, करंडीत तोंड घातलं आणि म्हणाले,

"कॉक. कॉक कॉक."

"आवाज बसलाय का तिचा?"

"थंडी आहे इकडं," राघवेंद्रराव स्वतःच्या आवाजात म्हणाले. मान वर केली, तर कुंपणापलीकडं सतीशराव झारी घेऊन उभे. झारीतलं पाणी केव्हाच संपलं होतं.

त्रयोदशीला पुन्हा तेच. या वेळी जरा सुधारणा करून. पण त्यांना घास गोड लागेना. शब्द तुळशीसमोर दिलेला, आणि त्यावर खोटं, तेही कोंबडीच्या तोंडून.

कीर्तन मात्र चुकवलं नाही. एकटीला सोडू नका म्हटलेलं, म्हणून करंडी उपरण्याखाली झाकून खांबामागं ठेवायची, आणि एक हात आत घालून हळूहळू चोळत राहायचं. लोकांना वाटलं जपमाळ आहे. एका आजीबाईंनी तर करंडीला नमस्कार करून वर केळं ठेवलं.

चतुर्दशी. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत. दुपारी गोळा मऊ लागला होता, थोडं दही आत गेलं होतं, पण आवाज नव्हता. सहाला फोनही आला नाही. गावात रेंज नसावी. त्यांना तेवढंच बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

देऊळ भरलेलं. पुन्हा मुकुलबुवा. पूर्वरंग संपवून बुवांनी गजर धरला, टाळ-मृदंग टिपेला पोचले, आणि राघवेंद्ररावांच्या खिशात फोन थरथरला. उचलला नाही तर ती पहाटेच्या बसनं निघून येईल. उचलला तर... त्यांनी हिशेब केला. बुवांचा गजर पाच मिनिटांच्या आत कधी थांबत नाही. या गोंगाटात उरकून टाकू. ते खांबामागं वाकले, फोन करंडीत ठेवला, "हं कौसल्या, बोल तिच्याशी," म्हणाले, थोडं थांबले, आणि गजराच्या वर जाईल असा आवाज लावला.

त्याच क्षणी मुकुलबुवांनी हात वर केला, आणि टाळ, मृदंग, पेटी, सगळं एकदम थांबलं. चांगल्या कीर्तनकाराची ती खूणच असते.

"कॉक. कॉक कॉक कॉक."

सगळं देऊळ खांबाकडं वळलं. स्वयंपाकघराच्या दारात भाग्यलक्ष्मीबाई डाव घेऊन उभ्या. तिसऱ्या रांगेत सतीशराव जमिनीकडं बघत होते. राघवेंद्ररावांना वाटलं, आत्ताच्या आत्ता वैकुंठाचं विमान आलं तर बरं.

आणि त्या शांततेत, करंडीतून, बारीक, कुरकुरत्या, तीन दिवसांच्या मुक्या गळ्यातून आवाज आला.

"कॉक."

मग लगेच कौसल्याचा, "अण्णा? दोन कशा झाल्या?"

राघवेंद्ररावांनी उपरणं ओढलं. अवलक्की मान ताठ करून फोनकडं बघत होती, एका डोळ्यानं, मग दुसऱ्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. आपल्याकडं दीडशे माणसं बघतायत हे ते विसरले.

"कौसल्या, पहिला मी होतो. दुसरी ती."

"म्हणजे? आणि परवा? काल?"

"मीच होतो."

"तरीच. मला वाटलंच, ही एवढी शिकल्यासारखी कशी बोलायलीय."

देवळात हसू फुटलं. मुकुलबुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. "राव, पुढं या. काय प्रकार आहे?"

राघवेंद्रराव करंडी घेऊन उभे राहिले, आणि फोन चालू ठेवूनच सगळं सांगून टाकलं. राजाचे हत्ती, दोन वाट्या, तुळस, शब्द, दवाखान्यातला कागद. बुवांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"पण राजानं हत्तींना खिचडी घातली, असं मी कुठं म्हटलं होतं?"

"नाही घातली, असंही आपण उकलून सांगितलं नव्हतं, बुवा."

बुवांनी पगडी नीट केली. "खरं आहे. त्या कथेत उद्यापासून एक वाक्य वाढवतो." आणि करंडीकडं हात करून म्हणाले, "बसा, राव. तिलाही बसू द्या, पण खांबामागं नको. इथं पुढं."

पौर्णिमेला काल्याचा प्रसाद वाटत होते, तेवढ्यात कौसल्या पिशवीसकट थेट देवळात आली. अवलक्कीला उचललं, गळ्याखाली बोट फिरवलं. गोळा नव्हता. राघवेंद्रराव शाळा तपासायला आलेल्या साहेबासमोर मास्तर उभा राहतो तसे उभे होते.

"चुकलो, बाई. तिला एकादशी घडवायला गेलो."

"आई पण करायला लावायची कोंबड्यांना एकादशी," कौसल्या म्हणाली.

राघवेंद्ररावांनी मान वर केली. "मग काय द्यायची?"

"काहीच न्हाई. सकाळी खुराड्याचं दार उघडायची आणि म्हणायची, आज माझी चूल बंद हाय, आज विठोबाकडं जेवा. दिवसभर शेतात हिंडून, किडं-मुंग्या टिपून पोट भरून यायच्या सांजेला."

एकादशीला किडे चालतात का, हा प्रश्न राघवेंद्ररावांच्या अगदी ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला. त्यांच्या आयुष्यात असं क्वचितच घडलं होतं.

"तुमच्या घरी उपासाच्याच दिवशी जास्त शिजतं, हे मला ठाऊक होतं की, अण्णा," कौसल्या म्हणाली. "जाताना सांगायला विसरले. चूक माझीच." आणि अवलक्कीला काखेत मारून ती खोलीकडं चालू लागली. वाटेत अवलक्की काखेतून तिच्याशी बोलत होती, अजिबात न शिकल्यासारखी.

पुढच्या एकादशीला सकाळी भाग्यलक्ष्मीबाईंनी पाहिलं, राघवेंद्रराव खुराड्यापाशी वाकले आहेत. त्यांनी दार उघडलं, हात जोडले, आणि हळूच काहीतरी म्हणाले. अवलक्की बाहेर आली आणि सरळ तुळशीखालची माती उकरायला लागली. तिला कुणी हाकललं नाही.

एवढीच कथा. तुमच्याकडं मागणं एकच. अळणावरकडच्या एका खेड्यात वेणूबाई नावाची बाई होती. कौसल्याची आई. तिला कुणी पगडी घातली नाही, तिच्यापुढं कुणी टाळ धरला नाही, आणि तिचं कीर्तन आठ-दहा कोंबड्यांपलीकडं कुणी ऐकलं नाही. पण राजाच्या हत्तींना जे कळलं होतं, ते तिला कळलं होतं. तेव्हा येत्या एकादशीला तुमच्या पानात खिचडी पडेल, ती सुखानं खा. फक्त दुसऱ्यांदा वाढायला आले, की तेवढी तिची आठवण ठेवा.